राणीसावरगावला ठेवलेला डाग

ये गं माय, अशी जवळ ये. खुर्ची नको ओढू, इथं पलंगावरच बस, पाय वर घे. कागदावरच बोलवायलीय तुला, काय करू? फोन केला की "मावशी, मी नंतर करते" म्हणतीस, आन तुझं ते नंतर काही उगवत न्हाई. दिवाळीच्या सुट्टीत येते म्हणलीस, मग उन्हाळ्यात येते म्हणलीस. पुण्याहून चुडाव्याला यायला काय समुंदर ओलांडायचाय? आई गेली म्हणून मावशीचं घर बी गेलं का? बरं, रुसू नको. बोलायचं ते बोलले, झालं. आता ऐक. बेसची गोष्ट सांगायचीय.

बेस तुला आठवत असंल. चार तारांची ती जाडी गिटार. मधे मधासारखी पिवळी आन कडंला तंबाखूसारखी काळपट. आमची गायन पार्टी होती तवा तू सहा-सात वर्षांची होतीस, कोरसमधे सगळ्यात पुढं उभी राहायचीस, आन नाडी सुटली तरी गाणं सोडायची न्हाईस. तुझे काका मधे उभे राहून गायचे. मी मागं खुर्चीवर बसून बेस वाजवायची. गावोगावच्या बाया गाणं ऐकायच्या आधी मला बघायला यायच्या. बाईमाणूस आन हातात हे धूड!

ती बेस आली कुठून हे मातर तुला मालूम नसंल. पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत एक रिटायर गार्डसाहेब राहायचे. तरुणपणी रेल्वेच्या क्लबात नाचाचा बँड होता, त्यात ते वाजवायचे. जपानची बनावट हाय म्हणून सांगायचे. तुझे काका तवा रेल्वेत गँगमन, रुळावर हातोडा मारायचं काम. त्यांनी ती पार्टीसाठी घेतली. वाजवायला जो गडी धरला होता तो महिन्याभरात कारखान्यात कामाला निघून गेला. बेस आमच्या भिंतीला टेकून उभी. मी भाकरी झाल्या की तिच्या तारा छेडायची. गार्डसाहेब एकदा घरी आले, मला बघितलं आन म्हणले, "बाई, दोनच सूर वाजव. पण वक्तावर वाजव. उशिरा आलेला सूर म्हणजे सुटलेली गाडी." तेवढीच माझी शाळा. बाकी वायर तुटली, जॅक सैल झाला, तर बघून बघून मीच जोडायला शिकले. तिच्या पोटातली अख्खी वायरिंग मला डोळे मिटून मांडता यायची.

आता डागाचं सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच हाय. बेसच्या मधोमध, तारांखाली, एक पिकप असतो. तारेचा थरथराट तो धरतो, म्हणून आवाज निघतो. आमच्या बेसच्या पिकपवर चकचकीत झाकण होतं, स्टेजवरच्या बल्बच्या उजेडात लखलख करायचं. माझ्या गळ्यात तवा नुसती काळी पोत. माहेरची एक बोरमाळ होती, ती वन्संच्या लग्नात सासूबाईंनी माझ्या गळ्यातून काढून त्यांच्या गळ्यात घातली. मला इचारलं न्हाई, मी बी काही बोलले न्हाई. तर एका गावात कार्यक्रमाला एक म्हातारी पहिल्या रांगेतून मोठ्यानं म्हणली, "गळ्यात काही न्हाई, पण पोटावर बघा केवढा डाग घातलाय हिनं!" मंडप हसून हसून लोळला. आपल्याकडं दागिन्याला डागच म्हणतेत ना. तवापासून पार्टीत पिकपचं नाव डाग पडलं. "वैनी, डाग पुसून घ्या, धूळ बसलीय." असं.

पुढं तू शाळेच्या मागं लागलीस आन इकडं जमाना बदलला. कीबोर्ड आले, बँजोचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जायला लागला. पार्टीतले लोक म्हणायला लागले, आपली बेस मैदानात ऐकूच येत न्हाई, जुनाट हाय. तुझ्या आईचं पोटाचं आपरेशन झालं तवा मी आठ दिवस तिच्याकडं होते. परत आले तर बेसचं पोट फाडलेलं. आत बॅटरीवर चालणारं सर्किट, वर दोन बटनांच्या जागी तीन, आन डागाच्या जागी काळ्या प्लास्टिकचा ठोकळा. मी म्हणलं, "डाग कुठाय?"

तुझे काका बुटाची लेस बांधत होते. "काढून टाकला," म्हणले. वर बघितलं न्हाई.

मी वाजवून बघितली. आधी तिचा आवाज कसा, तर जमिनीतून यायचा, मांडी घालून बसल्यावाणी. आता तो पत्र्यावर खडे फेकल्यावाणी यायला लागला. सगळ्यांना आवडला. मला न्हाई. वर्षभर वाजवली, मग गुडघ्याचं निमित्त केलं आन सोडून दिली. बेस माळ्यावर गेली. पार्टी बी हळूहळू पांगली. पण तुझ्या काकांचं गाणं सुटलं न्हाई. विहारात पौर्णिमेला त्यांच्या गाण्याबिगर कार्यक्रम उठायचा न्हाई.

आन मग कान गेले.

एकदम न्हाई गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग चिमण्या, मग माझं बोलणं. परभणीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की बारीक आवाज गेलेत, जाड अजून शिल्लक हायेत, इतकी वर्षं रुळावर हातोडा ऐकल्यावर असं व्हायचंच. कानाचं मशीन दिलं. ते घातलं की यांना सगळं जग किंचाळल्यावाणी वाटायचं. मशीन डबीत गेलं.

दोन वर्षांमागं एका पौर्णिमेला ते गायला उभे राहिले. स्वतःच रचलेलं गाणं, "शाळेच्या वाटेवर माय माझी उभी." पेटी एकीकडं आन हे दुसरीकडंच. सूर पार सुटला. त्यांना कळंना. लोक हसले असते तरी बरं झालं असतं बघ, लोकांनी माना खाली घातल्या. समोरच्या माना बघून ते मधेच थांबले, खाली बसले, चप्पल घालून घरी आले. त्या दिवसापासून गाणं बंद. आंघोळीला गुणगुणणं बी बंद. माणूस जेवायचा, पेपर वाचायचा, पण घरात कुणी न्हाई असं वाटायचं मला. पन्नास वर्षं ज्या आवाजाच्या मागं बसले तो आवाजच गेला म्हणल्यावर!

मी काय काय केलं ते सांगत न्हाई. पण एक दिवस दुपारी हे ओट्यावर बसलेले, मी शेंगा निवडायलेली. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, यांना पत्ता न्हाई. आन थोड्या वेळानं मान वर केली, म्हणले, "मालगाडी. भरलेली हाय." मला अजून काहीच ऐकू आलं न्हवतं! मग फळीवरच्या ताटल्या वाजायला लागल्या आन गाडी आली, खरंच भरलेली. माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. म्हणलं, अगं येडे, जाड आवाज पोचतोय की ह्या माणसाला. सूर जाड करून दिला तर?

बेस माळ्यावरून काढली. बॅटरी आतच फुटून चुना झालेला, सर्किट हिरवं पडलेलं. पूर्णेला एक मेकॅनिक हाय, टीव्ही-मोबाइल दुरुस्त करतो, पन्नाशीचा माणूस, बोलायला लय कंजूष. त्यानं उघडून बघितली.

"मावशी, हे खलास. नवं चायनाचं किट टाकून देतो. आवाज असा कडक निघंल बघा."

"कडक नको बाबा. होता तसा पायजे. ह्याच्या आधी होता तसा."

"त्याच्या आधीचं मला काय मालूम? नकाशा हाय का?"

टेबलावर लग्नाची पत्रिका पडली होती. तिच्या पाठीवर मी काढून दिलं. ही तार पिकपची, हे आवाजाचं बटन, हे जाडबारीक करायचं, त्याला चिकटलेला हा कपॅसिटर, आन ही जमिनीची, म्हणजे अर्थिंगची तार. त्यानं चष्मा काढला, परत घातला.

"तुमी कुठं शिकलाव?"

"चुलीपुढं," मी म्हणलं.

"नकाशा बरोबर हाय. पण मावशी, मूळ पिकपच न्हाई. त्याच्याबिगर तो आवाज कुठून आणू?"

तेच तर. मी बेस घेऊन घरी आले. यांच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहावं लागतं. लिहिलं, "डाग कुठं फेकला होता?"

यांनी वाचलं. लय वेळ वाचलं. शब्द तर चारच होते.

"फेकला न्हाई," म्हणले. "राणीसावरगावला हाय. ताईकडं."

मी पाटीवर लिहायचं विसरून ओरडले, "तवा तर म्हणलाव काढून टाकला!"

कसं काय ते, पण एवढं यांना बरोबर ऐकू आलं. "काढून टाकला म्हणलो. फेकला कुठं म्हणलो?"

आता हसावं का रडावं? पंचवीस वर्षं मी मनात धरून बसलेली.

दुसऱ्या दिवशी वन्संकडं निघाले. गाडीनं परभणी, तिथून गंगाखेड, पुढं जीप. वन्सं वेचणीहून नुकत्याच आलेल्या, केसात कापूस. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणलं, "वन्सं, एका कामानं आलेय. तुमच्याकडं माझा डाग हाय. तेवढा द्या."

असं बोलले मी! माझ्या डोक्यात बेस, दुसरं काहीच न्हाई.

वन्संचा चेहरा उतरला. आत गेल्या. पेटीची कडी वाजली. बाहेर आल्या आन माझ्या पदरात बोरमाळ ठेवली. माझी बोरमाळ, माहेरची. मी तर तिला जवळपास विसरूनच गेले होते.

"मला मालूम होतं, एक ना एक दिवस तुमी मागताल," वन्सं म्हणल्या. "मी न्हाई काढून घेतली वैनी. आईनं घातली. तुमच्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली न्हाई तवा." आन रडायलाच लागल्या.

"अगं बाई! ही न्हाई, ही न्हाई! माझा डाग म्हणजे... तो वाजायचा डाग! बेसचा!"

"वाजायचा?"

"पोटावरचा!"

वन्सं डोळ्याला पदर लावूनच थांबल्या. मग त्यांना जे हसू फुटलं, जे फुटलं, शेजारीण भिंतीवरून डोकावली. "ते होय! आवो, मला वाटलं दादाला येड लागलं!" परत आत गेल्या आन जुन्या धोतराच्या फडक्यातलं एक गाठोडं घेऊन आल्या. सोडलं. डाग. त्याच्याबरोबर दोन्ही बटनं, तो चॉकलेटी कपॅसिटर, तारा तशाच लोंबकळायलेल्या. सगळा घोस अंगातून कापून काढलेला, पण एक बी वस्तू कमी न्हाई.

"दादा घेऊन आला होता," वन्सं सांगायला लागल्या. "म्हणला, वैनीचा हाय, जपून ठेव. मी म्हणलं हा कसला डाग? तर म्हणला, तिचा एक डाग तुझ्या गळ्यात गेला तवा मी गप बसलो. ह्या वेळेला बी पार्टीच्या लोकांपुढं गपच बसलो. हा तरी राहू दे."

ह्या माणसानं ते मला कधी सांगितलं न्हाई. आन बघ, मी बी कधी दुसऱ्यांदा इचारलं न्हाई.

बोरमाळ मी वन्संच्या गळ्यात परत घातली. आता माझ्या हातानं, माझ्या मर्जीनं. त्या नको नको म्हणत होत्या. मी म्हणलं, "गप बसा, मला गाडी गाठायचीय." निघताना त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं, "लय जपलाय बरं का वैनी. दर सणाला चिंच लावून घासलाय, म्हणून चमकतोय."

चिंच! तांब्याच्या घंगाळाला चिंच ठीक हाय, पिकपला न्हाई.

तसंच झालं. पूर्णेला मेकॅनिकनं मीटर लावलं, आकडा हलंना. वरून लखलखीत, आतून मुका. झाकण काढलं. आत केसाहून बारीक तार हजारदा गुंडाळलेली असती. चिंचेचं पाणी झिरपून तिचं बाहेरचं टोक मुळातूनच कुजलेलं. मेकॅनिक म्हणला, "वरचा एकच फेरा सोडून नवं टोक काढता यील. पण आत कुठं तुटली असंल तर गेलं. आन सोडताना तुटली तर मला बोल लावू नका."

"तुला कशाला लावीन? आण इकडं."

मोतीबिंदूचं आपरेशन झाल्यापासून माझी नजर चांगली झालीय, तुला सांगितलं होतं ना? त्यानं भिंग धरलं, मी सुईच्या टोकानं फेरा सोडवला. अर्धा इंच, एक इंच. तो श्वास धरून उभा, मी बी. टोकावरचं वार्निश खरवडलं, त्याच्या गरम सळईनं कथलाचा थेंब दिला. आपल्याकडं ह्या जोडाला बी डागच म्हणतेत. डागाला डाग लागला. मीटर लावलं.

आकडा आला.

मेकॅनिक हसला. मी त्याला पहिल्यांदाच दात दाखवताना बघितलं. मग दोघांनी पत्रिकेवरच्या नकाशाबरहुकूम सगळं होतं तिथं बसवलं. बॅटरी गेली, सर्किट गेलं. एक बटन आखडलं होतं, ते साफ करून मोकळं केलं. तिसऱ्या बटनाचं भोक मातर उरलं. त्यात मी यांच्या रेल्वेच्या कोटाचं पितळी बटन बसवलं. आधी तिथं काही न्हवतं हे मला मालूम हाय, पण भोक तर उघडं ठेवता येत न्हाई ना.

घरी पार्टीचा जुना स्पीकरचा डबा होता, त्याच्यावर मी इतकी वर्षं रांजण ठेवते. रांजण हलवला. डबा पुसला. दुपारी जेवणं झाल्यावर डबा यांच्या बाजेला चिकटून ठेवला आन समोर बेस मांडीवर घेऊन बसले. हे पेपर वाचायलेले. मी खालचा सूर छेडला.

यांनी मान वर केली. "मालगाडी आली का?"

मी मान हलवली, न्हाई. परत छेडला. यांनी दाराकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं, मग त्या डागाकडं. पेपर खाली ठेवला. डब्यावर तळहात ठेवला आन डोळे मिटले.

मी दोनच सूर वाजवत राहिले. बोटं हुळहुळली, घट्टे कवाच गेलेले. बऱ्याच वेळानं यांनी तोंड उघडलं. पहिली ओळ गेली बाजूला. यांना कळलं! तेच तर मोठं, की कळलं. चिडले. "ऱ्हाऊ दे," म्हणले. मी थांबले न्हाई. परत घेतली, परत गेली. मी थांबले न्हाई. तिसऱ्यांदा "शाळेच्या वाटेवर" असं जे धरलं, ते बरोबर माझ्या सुरावर येऊन बसलं. आवाज म्हातारा झालाय गं, कापतो. पण सूर खरा. मी मागं बसून इतकी वर्षं ऐकलाय, मला कोण फसवणार?

मग ते पाटीवर न लिहिता, माझ्याकडं न बघताच म्हणले, "तुला तवाच सांगायला पायजे होतं." मी बेसवरच हो म्हणलं.

तवापासून रोज दुपारी बसतो. वाकडं जातंच मधे मधे, चमत्कारबिमत्कार काही न्हाई झालेला. काही दिवस चांगले, काही दिवस बाजेवरच उठून भांडतेत माझ्याशी. पण वैशाखी पौर्णिमेला विहारात गातो म्हणलेत, स्वतःच्या तोंडानं. मेकॅनिक डबा उचलायला येणाराय.

आता तुला का बोलवायलीय ते ऐक. त्या गाण्यात "माय माझी उभी" झालं की ते थांबतेत. तिथं कोरस यायचा असतो. मी बेस वाजवू का गाऊ? ती जागा रोज दोन ठेके रिकामी जाती. काल ते थांबले, डब्यावरचा हात तसाच ठेवून दाराकडं बघितलं आन म्हणले, "पोरगी कुठं गेली?"

मी पाटीवर लिहिलं, "पुण्याला. येणाराय."

लिहून बसलेय मी. आता मला खोटी पाडू नको. पौर्णिमेच्या दोन दिवस आधीच ये, जरा तालीम होईल. गाडीत बसलीस की फोन कर, स्टेशनवर मी येते. रांजण आता खाली ठेवलाय, अंधारात पाय लावू नको. ये गं माय, लौकर ये.